वेगळा पेला

प्रश्न : वय ६७, सांगली जिल्हा. हे गेल्यावर मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. १६ वर्षं गोळ्या चुकवल्या नाहीत. पण सुनेनं माझा पेला वेगळा ठेवलाय, कडेला लाल नेलपॉलिशची खूण करून. नातू जवळ येत नाही. पहाटे तीनला जाग येते, जगावंसं वाटत नाही.

उत्तर : मावशी, त्या पेल्याचं वाचून गलबलून आलं. उष्ट्यानं, मांडीवर घेतल्यानं एचआयव्ही होत नाही. सुनेला एआरटी केंद्रातल्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथल्या, समुपदेशकाकडे सोबत न्या. पहाटेची ती जाग नैराश्याची असू शकते, त्यावर उपचार आहेत. एचआयव्हीच्या काही गोळ्यांनीही झोप बिघडते. डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. आणि जीव नकोसा झाला की त्याच क्षणी १४४१६ला, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. पहाटे तीनलाही उचलतात, मराठीत बोलतात.