समोरासमोर बसवू नकोस

पोरी,

नवऱ्याचा मार खाणाऱ्या त्या बाईबद्दलचा तुझा मेसेज वाचला. मंडळातले काका म्हणतात, "दोघांना समोरासमोर बसवू, तूही ये, घर मोडायला नको." जाऊ का, असं विचारतेस. जाऊ नकोस.

काका मनाने चांगले आहेत, कबूल. पण नवऱ्याच्या देखत ती काय बोलणार? "माझंही चुकलं" म्हणेल, चहा होईल, सगळे समाधानाने उठतील. आणि चुकून एखादं वाक्य खरं बोलून गेली असेल, तर त्याची वसुली न्यू जर्सीतल्या एडिसनच्या त्या अपार्टमेंटचं दार लागल्यावर होईल. तेव्हा तिथे ना काका असतील, ना तू. मारणाऱ्याला आणि मार खाणारीला एकत्र बसवायचं नसतं. आणखी किती वेळा सांगू?

तिला एकटीला भेट. फॅमिली प्लॅनवरच्या फोनवर बोलू नकोस, बिलात नंबर दिसतात. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद), लग्नाचा दाखला कुणाच्या ताब्यात आहे ते विचार. "पोलिसांत गेलीस तर परत पाठवतील" हे तिच्या मनात भरवलंय. एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर असलेल्या बाईला ते खरंच वाटतं. वकील गाठून दे. बायकांवरच्या अत्याचाराविरुद्धच्या १९९४च्या अमेरिकी कायद्याने मार खाणाऱ्या बायकोला ग्रीन कार्डसाठी स्वतः अर्ज करता येतो, पण नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर. हिचा नवरा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. मग उरतो यू व्हिसा, गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा: तपासात मदत केल्याचं पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, वर्षाला १०,०००च मिळतात, रांग वर्षानुवर्षांची. हे सगळं तिला स्पष्ट सांग, खोटी आशा नको. निघायचं की राहायचं, ते तिला ठरवू दे.

आपलं भांडण आपल्यातच मिटवावं, असं काका म्हणतील. अगं, १९८५ साली न्यू जर्सीत 'मानवी' ही अशा बायकांना मदत करणारी संस्था उभी केली तीही आपल्याकडच्याच बायकांनी!

मला लोक घरं मोडणारी म्हणतात. एका जिवलग मैत्रिणीच्या भावासाठी अशीच बैठक ठरली होती, मी गेले नाही. तिने बोलणं टाकलं. अजून सलतं. पण उद्या तिनेच पुन्हा बोलावलं, तरी जाणार नाही. त्या बैठकीत त्याच्या बायकोच्या बाजूने एकही माणूस नव्हता, आणि मी गेले असते तर माझ्या नावावर तो समेट खपला असता.

काकांना तू काही कळवू नकोस. त्यांचा नंबर मला पाठव, मी बोलते. तू शनिवारी ती वाणसामानाला एकटी निघते का, तेवढं बघ.