नवी बॅटरी टाकूनही गाडी मधेच स्टार्ट होत नाही? आधी अर्थिंग बघा

समजा पेट्रोल गाडी आहे, नऊ वर्षं जुनी, सकाळी बरोबर चालू होते पण बाजारात दहा मिनिटं थांबलात की कधीकधी चावी फिरवल्यावर नुसतं एक 'टक', चार-पाच वेळा फिरवली की मग एकदम चालू, आणि बॅटरी बदलून पैसे गेले तरी रड तीच. सेन्सर, पेट्रोल पंप, स्कॅनर वगैरे सध्या डोक्यातून काढा हो, ते सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) फिरतोय पण इंजिन पकडत नाही तेव्हा बघायचं. तुमचा सेल्फ फिरतच नाहीये.

पुढच्या वेळी 'टक' झालं की लगेच परत चावी फिरवू नका, चावी तशीच धरून डॅशबोर्डचे दिवे बघा. एकदम मंद झाले किंवा विझले तर बॅटरी नाहीतर तिची टर्मिनल, आणि दिवे लख्ख राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचत नाहीये किंवा पोचूनही मोटर फिरत नाहीये, म्हणजे इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन बॉडीला आणि पर्यायाने बॅटरीच्या मायनसला जोडणारी), सेल्फची जाड वायर, सोलेनॉइडचे (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा आतले कार्बन (फिरत्या मोटरला करंट देणारे ब्रश). माझा पहिला संशय अर्थिंगवर, कारण गाडीचे दिवे बॉडीवरून अर्थ घेतात आणि सेल्फ इंजिनवरून, त्यामुळे मधली पट्टी गंजली तरी दिवे मस्त दिसतात आणि सगळे बॅटरी चांगली आहे म्हणून गप्प बसतात. कोकणात किंवा पावसात उघड्यावर गाडी उभी असेल तर आणखीनच.

हे घरी कळतं, साधा मल्टिमीटर पुरे. डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावरच), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, वायरी पंख्या-बेल्टपासून लांब, आणि घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक, एक-दोन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. ओहमवर ठेवून मोजू नका, सेल्फ शंभर अँपियरच्या वर सहज ओढतो त्यामुळे 0.01 ओहमचा जोडसुद्धा एक व्होल्ट खातो आणि एवढा बारीक ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. आणि यातली मजा म्हणजे गाडी नीट चालू होत असलेल्या दिवशीसुद्धा हा जोड बऱ्याचदा पकडला जातो, बिघाड व्हायची वाट बघत बसायला नको. मग प्लसच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत तसंच मोजा, तिथे हात नीट पोचत नसेल तर मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी मायनस काढून खायच्या सोड्याचं गरम पाणी, वाळलं की पॉलिश पेपर, मायनस शेवटी लावायचा, वरून व्हॅसलीन. अर्थची पट्टी स्वस्तात येते, बोल्टखालचा रंग-गंज घासून काढल्याशिवाय नवी लावून उपयोग नाही.

दोन्हीकडे रीडिंग चांगलं आलं आणि सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केल्यावर गाडी चालू झाली तर बहुधा कार्बन संपलेत. गॅरेजवाला अख्खा नवीन सेल्फ सांगेल, पण आधी जुना उघडून कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बघायला लावा, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळालेलं नसेल तर तेवढ्यातच भागतं.