हातातलं तोंडात आणायचं नाही

अरे,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भाजी चिरताना आणि मग गॅस बंद करून खुर्चीत बसून. तू विचारलंस की रेकी देताना, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याची आपली जी जपानी पद्धत आहे त्यात, गळ्यावर हात तीन मिनिटं ठेवायचा की पाच, बॅचमधल्या सगळ्यांच्या हाताला गरम, झिणझिण्या, काय काय लागतं आणि तुला काहीच का लागत नाही, आणि बाबा याला थोतांड म्हणतात तर त्यांना काय सांगू. सगळं सांगते. पण मध्येच तू सहज बोलून गेलास ना, की मित्राच्या आईच्या गळ्यापाशी पहिल्यांदाच हात गार पडला आणि तू म्हणालास, "काकू, इथे ब्लॉक आहे, थायरॉइडचं बघा," तिथे माझा जीव अडकलाय. त्या बाईला चार रात्री झोप नाही म्हणतोस. येणार कशी?

मला कळतं तू का बोललास. इतके महिने हात कोरे होते, एकदा काहीतरी लागलं आणि हुरळलास. पण हातातलं तोंडात आणायचं नाही. हे मी रेकीच्या पहिल्या वर्गाच्या, लेव्हल वनच्या, पहिल्या सकाळी सांगितलं होतं, तुम्ही सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं होतं.

मी हे कुठून शिकले ते मात्र तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. 2009 साली माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी रोज संध्याकाळी रेकी द्यायचे. शुगर जुनी. उजव्या पावलावर हात ठेवला की माझा तळवा अक्षरशः भाजायचा, आणि आपल्याला शिकवलेलं काय, तर जिथे गरम लागतं तिथे शरीर ऊर्जा ओढून घेतंय. मी आनंदाने सांगायचे, वहिनी बघा, पाय कसा खेचतोय. त्याही खूश, कारण दुखत नव्हतं. दुखेल कसं, मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, बोटांच्या बेचक्यात जखम होती, ती त्यांनाही कळली नाही आणि मी मोज्यावरून हात ठेवत होते. तो ताप होता रे, आत पू होता. दोन बोटं काढावी लागली. मी त्यांना डॉक्टरकडे जाऊ नका असं कधीच म्हटलं नव्हतं, हे मी आजही सगळ्यांना सांगते, आणि ते खरं आहे. पण जा असंही म्हटलं नाही, मोजा काढा असंही म्हटलं नाही. हाताला जे लागलं त्याचा अर्थ मी लावला आणि तो बोलून मोकळी झाले.

म्हणून सांगते, हातातलं तोंडात आणायचं नाही.

आता तुझा तीन की पाच मिनिटांचा प्रश्न. ज्यांनी रेकी सुरू केली त्या उसुईंनी 1922 मध्ये तोक्योत शिकवायला सुरुवात केली तेव्हा आपल्यासारखा चोवीस पॉइंटचा तक्ता आणि दर तीन मिनिटांनी घंटी वाजणारं म्युझिक नव्हतं. हात फिरवत जायचं, कुठे उष्णता, टोचणी, ठोके लागले की थांबायचं, याला ते ब्योसेन म्हणतात. त्यांचे शिष्य हायाशी हे नौदलातले डॉक्टर, त्यांनी तोक्योत क्लिनिक काढलं आणि कुठल्या तक्रारीला हात कुठे ठेवायचे याची पद्धत बसवली. हवाईच्या ताकाताबाई 1935 मध्ये पेशंट म्हणून त्यांच्याकडे गेल्या, बऱ्या झाल्यावर तिथेच शिकल्या आणि तिकडे घेऊन गेल्या, आणि डोकं, पुढची बाजू, पाठ असा जो ठरावीक क्रम आपण करतो तो या वाटेने आलाय. चक्रं तर मुळात त्यात नव्हतीच, ती आपलीच, पाश्चात्त्यांनी नंतर जोडून आपल्याला परत दिली. तेव्हा तीन की पाच यावर झोप घालवू नकोस. चोवीस पॉइंट तीन-तीन मिनिटं म्हणजे बहात्तर मिनिटं होतात, तुझ्या आजीला तेवढं उताणं झोपवत नाही, तिचं अर्ध्या तासात कर.

पण हात नीट ठेव, यात मी ऐकणार नाही. बोटं जुळलेली, पंजा किंचित खोलगट, वजन शून्य. डोळ्यांवर ठेवताना नाक मोकळं राहू दे, मध्ये टिश्यू ठेव. गळ्यावर थेट हात ठेवायचाच नाही, बाजूने, जबड्याखाली, नाहीतर माणूस घाबरतो. छाती-ओटीपोटापाशी आधी विचारायचं आणि कपड्यांवरूनही हात वर अधांतरी धरायचा. गुडघ्याखाली उशी. हात उचलताना एक आधी, दुसरा मागून, दोन्ही एकदम उचललेस की झोपेतला माणूस दचकतो. तुझे कोपर टेकलेले हवेत, तुझा खांदा आखडला की तुझ्या हाताला गरम-गार काहीही लागेल आणि ते समोरच्याचं समजून बसशील. त्या दिवशी काकूंकडे एसी चालू होता का रे? विचार करून बघ.

बाबांना काय सांगायचं, तर ते बरोबर आहेत असं सांग. ही ऊर्जा आजवर कुठल्या यंत्रावर मोजली गेलेली नाही. अमेरिकेत एका नऊ वर्षांच्या मुलीने आपल्यासारखंच हात वर धरून उपचार करणाऱ्या 21 जणांना पडद्याआडून हात घालायला लावले आणि विचारलं, माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे, 280 वेळा विचारलं तर 123 वेळाच बरोबर आलं, नाणं उडवलं असतं तरी जास्त आलं असतं. 1998 मध्ये ते तिकडच्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. ते रेकीवाले नव्हते म्हणून आपण सुटलो असं मला वाटत नाही. मला तर दीक्षा देताना उसुई शिकागोला शिकले होते असंही सांगितलं होतं, तिथल्या विद्यापीठात अशी नोंदच नाही.

मग मी सतरा-अठरा वर्षं हे का करतेय, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या आवाजात होतं. मी करते कारण जाऊबाईंनी ऑपरेशननंतर मलाच बोलावलं. पाय डॉक्टरकडे, आणि डोक्यावर तुझा हात, असं म्हणाल्या. अर्धा तास कोणी न बोलता, काही न मागता आपल्याजवळ बसतं, गरम तळवा कपाळावर असतो, श्वास आपोआप लांब होतो, हे घरातल्या घरात कोणाला मिळतं सांग? मी याला ‘की’ म्हणते, रेकीतली ‘की’, म्हणजे ऊर्जा. तुझे बाबा माया म्हणतील, म्हणू देत, मी भांडणार नाही. पण मी फसवते असं कोणी म्हटलं तर मात्र भांडेन, कारण त्या दिवसापासून माझ्या घरात पाटीवर लिहिलंय की चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि शुगरवाल्याचा पाय मी आधी उघडा करून बघते.

तुझ्या हाताला काही लागत नाही ते बरंय. माझ्या हाताला फार लागायचं.

आता हे वाचून झालं की मित्राच्या आईला, त्या काकूंना फोन कर, मेसेज नको, फोन. मी चुकीचं बोललो, मला त्यातलं कळत नाही, असं याच शब्दांत सांग. तरी त्यांच्या मनात राहिलंच तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घेऊ देत, आणि लॅबला तू बरोबर जा. शनिवारी आजीला घेऊन ये, गुडघ्याचा जुना एक्सरे पण आण.

काकू