आधी रिजेक्शनचा ढीग दाखवा

या वेळी आलेल्या पत्रांत विषय एकच, तोंडे वेगवेगळी: नवीन काही काढायचे तर जोडीला कुणाला घ्यायचे? त्यातली चार पत्रे घेतो.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमची फौंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. आजवर पंपाची आणि मोटारीची साधी कास्टिंग केली. आता हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बॉडीत उतरायचे आहे. बाबा म्हणतात, मेहुण्यांच्या मशीनशॉपला घे, वीस वर्षांचा घरोबा आहे. माझा ओढा कोल्हापूरच्या एका मोठ्या फौंड्रीकडे आहे. कुणाचे ऐकू?

सध्या कुणाचेच नको. आधी काम कुठे अडणार ते बघा. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे तेलाची वाट उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचे ओतीव धड; तिचे सगळे दुखणे पोटात असते. तेलाच्या वाटा बोटाएवढ्या, कुठे त्याहून बारीक, आणि एकमेकींना छेदत गेलेल्या. रस ओतताना कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) जरा हलला की एका बाजूची भिंत पातळ होते. कोअरमधल्या गॅसला बाहेर पडायला वाट नसली की ब्लो होल, म्हणजे धातूत पोकळ भोक. आणि हे सगळे जमले तरी शॉट ब्लास्टनंतर (छर्रे मारून सफाई केल्यावर) एखाद्या कोपऱ्यात चिमूटभर वाळू चिकटून राहते. ती तेलाबरोबर फिरते आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर स्पूल (व्हॉल्व्हमध्ये सरकणारा दांडा) अडकवते.

म्हणजे तुमच्याकडे कोअरचे कसब कमी आहे, आणि लीक टेस्टची सोय नाही. मोठ्या फौंड्रीकडे काय आहे? भट्टी, वाळूचा प्लांट, धातू तपासणारा स्पेक्ट्रो. तुमच्याकडे आहे तेच, फक्त चौपट. त्याने खड्डा बुजत नाही. मेहुण्यांचे मशीनिंग लागेल, पण ते पुढच्या टप्प्यात. आत्ता शोधायचा तो कोअर बॉक्स (कोअरचा साचा) करणारा, ज्याच्या हाताखालून व्हॉल्व्ह बॉडी गेलेली आहे. त्याच्या जोडीला असा एखादा हायड्रॉलिक्सवाला, जो तुमचा नग आपल्या टेस्ट बेंचवर चढवून खरे काय ते सांगेल. बेळगावात असे लोक शोधायला लांब जावे लागत नाही.

मात्र आपल्याकडे नाही ते ज्याच्याकडे आहे, तो आपोआप चांगला भागीदार ठरत नाही. कोहेन आणि लेव्हिन्थल या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागू पडतो: बाहेरचे ज्ञान पचवायचे तर त्या विषयाची थोडी ओळख आपल्या घरात आधीपासून हवी. तुमच्या मोल्डिंगच्या मुकादमाला कोअरवाल्याचे बोलणेच उमगत नसेल, तर त्याने सांगितलेला व्हेंट (गॅसची वाट) दुसऱ्या दिवशी बुजलेला सापडेल. आधी तुमचा एक माणूस महिनाभर कोअर शॉपवर बसवा.

आता माणूस कसा पारखायचा? ऑफिसातल्या काचेच्या कपाटातले नग बघू नका, ते सगळ्यांचेच चकचकीत असतात. सरळ म्हणा, ‘तुमचा रिजेक्शनचा ढीग दाखवा.’ ही अक्कल मला ठेच लागून आली. मी डेव्हलपमेंट सांभाळत होतो तेव्हा एका शॉपमध्ये गेलो. फरशी आरशासारखी, रिजेक्शनचा एक तुकडा कुठे दिसेना. मी खूश होऊन काम दिले. चार महिन्यांनी कळले की खराब नग त्याच रात्री भट्टीत परत जात. कारण कुणी लिहून ठेवत नव्हते, त्यामुळे तोच दोष तीन लॉटमध्ये तसाच आला. पुढे ज्याच्याबरोबर काम जमले, त्याच्याकडे शेडमागे ओबडधोबड ढीग होता, पण प्रत्येक नगावर खडूने हीट नंबर (भट्टीच्या कोणत्या घाण्यातला नग), तारीख आणि कारण लिहिलेले. ‘कोअर लिफ्ट’, ‘वाळू ओली’, आणि एकावर ‘माझी चूक’.

मग दहा नगांची चाचणी द्या, रोख पैसे देऊन. फुकटचे काम माणूस फावल्या वेळात करतो आणि तुम्हालाही बोलता येत नाही. त्यातले दोन नग चिरून आतली भिंत मोजा.

मेहुण्यांविषयी एवढेच. घरोबा हा वाईट निकष नाही, अर्ध्या कागदपत्रांचे काम तो एकटा करतो. पण पुढच्या लग्नात ज्यांच्या शेजारी पंगतीला बसायचे, त्यांना ‘बोअर ओव्हल आलाय, लॉट परत न्या’ असे लेखी कळवता येईल का? येत असेल तर बाबांचे ऐका.

प्रश्न : इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातील सरांबरोबर आम्ही नवी क्लॅम्पिंग फिक्श्चर (मशीनवर नग घट्ट धरून ठेवणारी जोडणी) तयार करत आहोत. सरांना लगेच शोधनिबंध छापायचा आहे, आम्हाला पेटंट हवे आहे. सर सोडून द्यावेत का?

सर सोडू नका, क्रम बदला. पेटंटच्या अर्जाआधी कल्पना छापली गेली तर तिचे नवेपण जाते. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका आणि मग सरांना खुशाल छापू द्या. पूर्ण तपशिलाचा अर्ज त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो. छापलेल्या निबंधात प्रोव्हिजनलमध्ये नसलेली सुधारणा घुसणार नाही, एवढे बघा.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. पेटंट दोघांच्या नावावर निघाले आणि वेगळे काही लिहिले नसेल, तर १९७० च्या कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दोघांचा वाटा समान. दोघेही ते स्वतः वापरू शकतात, पण तिसऱ्याला लायसन्स द्यायचे तर दुसऱ्याची संमती लागते. वाटा आणि लायसन्सचा हक्क आजच लिहून घ्या, आणि तोही कॉलेजबरोबर. सरांची उद्या बदली होईल.

बाकी, बेळगाव हे व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मुख्यालयाचे गाव, तेव्हा सर मिळण्याची अडचण नाही. पहिल्या भेटीत शॉपवर उतरून ऑपरेटरशी बोलणारे सर निवडा. आणि मुलांच्या परीक्षेच्या काळात काम ठप्प होणार हे धरूनच तारखा द्या.

प्रश्न : निपाणीत आम्ही शेतीची अवजारे बनवतो. बेंगळुरूची एक मोठी कंपनी एकत्र डेव्हलपमेंट करू म्हणते, पण आधी सगळी ड्रॉइंग मागते.

देऊ नका. अवजार किती काम करते, बाहेरची मापे काय, बसते कुठे, एवढे दाखवा. घडण कशी केली ते गोपनीयतेच्या करारावर सही झाल्यावर. डायचा आणि नमुन्यांचा खर्च कोण देणार, हे पहिल्याच बैठकीत विचारा. उत्तरात ‘पुढे बघू’ आले तर चहा पिऊन उठा. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. पण जोडीदारावर तो उगारायची वेळ आली म्हणजे जोडी आधीच मोडलेली असते.

प्रश्न : जोडीदार आमच्या वर्गातला, राहतो बेळगावात, पण शेड शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात. हद्दीमुळे काही अडते का?

माणसांचे नाही, कागदाचे अडते. जॉबवर्कसाठी (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्यासाठी) माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवला की जीएसटीचे ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) लागतेच, किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी. ‘दोनच तर नग आहेत, डिकीत टाकतो’ हे बंद. सोबत डिलिव्हरी चलन हवे. कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो विकला असे धरून कर लागतो. मशीनसाठी ही मुदत तीन वर्षे. डाय, मोल्ड, जिग, फिक्श्चर, टूल यांना ती नाही. तरीही कोणती डाय कुणाच्या मालकीची, ते तिच्यावर पंच मारून ठेवा. वाद झाला तर कोर्ट बेळगावचे की पलीकडचे, हे करारात आधीच घाला.

करार इंग्रजीत असला तरी कोणी काय कधीपर्यंत करायचे, त्याचे एक पान मराठीत काढून दोन्ही शेडच्या भिंतींवर चिकटवा. ते पान वाचणारे तुम्ही दोघे नाही, तुमचे दोन फोरमन आहेत.