लांब शॉक टाकल्यावर लिमिट स्ट्रॅप किती लांबीचे घ्यावेत आणि कुठे बसवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी लिफ्ट केलीय, म्हणजे सस्पेन्शन उंचावलंय, चारही बाजूंना लांब शॉक टाकलेत, कॉइल स्प्रिंग आहेत, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहे, आणि आता लिमिट स्ट्रॅप, म्हणजे चाक ठरावीक मर्यादेपेक्षा खाली लोंबू न देणारे कापडी पट्टे, मागवायचेत तर कोणती लांबी मागवू? लांबीचा आकडा इथे कुणीही देऊ शकणार नाही. तो तुमच्याच गाडीखाली पाठीवर पडून काढावा लागतो. मी तो एकदा चुकवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाक हवेत लोंबतं तेव्हा अ‍ॅक्सल, टायर, ब्रेक या सगळ्यांचं वजन खाली ओढतं आणि वरून स्प्रिंग ढकलते. हे कुठेतरी अडायला हवं. पट्टा नसेल तर शॉक अडवतो, म्हणजे आतला पिस्टन वरच्या टोकाला जाऊन आपटतो. तेलातून सरकत हेलकावे जिरवणं हे शॉकचं काम. लोंबतं वजन झटक्याने पेलायला तो बनवलेलाच नाही. असे धक्के खाऊन आधी सील गळतं, मग पिस्टनचा नट ढिला होतो किंवा शॉकचा डोळाच, म्हणजे बोल्ट जातो ते टोकाचं कडं, तुटतो. चाक वर जाताना अडवायला बंप स्टॉप (रबरी ठोकळा) असतो, तसा पट्टा हा खालचा स्टॉप समजा.

मोजमापाला बसताना चॅसिसखाली चार भक्कम स्टँड द्या आणि अ‍ॅक्सल जॅकवर घ्या. कॉइल स्प्रिंग काढून ठेवा, पण दाब पूर्ण गेल्याशिवाय काहीही सोडू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जाईल. आता जॅक हळूहळू उतरवा आणि शॉक पूर्ण उघडण्याआधी दुसरं काही अडतंय का बघा. ब्रेकची होज ताणली जाते का? प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला तर क्रॉस जॉइंट कुठे अडखळतो का? तिसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंग. ती काढून ठेवलीय, म्हणून तिची मोकळी लांबी टेपने मोजा आणि वरच्या-खालच्या बैठकीतल्या अंतराशी ताडून पाहा. अंतर जास्त भरलं तर लोंबताना ती बैठकीतून सुटणार. यातलं जे सगळ्यात आधी अडेल तीच तुमची मर्यादा. लांब शॉक टाकला आणि होज जुनीच ठेवली, तर शॉकची लांबी कागदावरच राहते.

समजा बाकी सगळं ठीक आहे आणि शॉकच आधी संपतो. तर शॉक पूर्ण उघडा, मग जॅकने अ‍ॅक्सल इतका वर घ्या की शॉक एक इंच आत जाईल. हे अंतर शॉकवरच मोजा, अ‍ॅक्सलवर नको, कारण शॉक तिरका असेल तर दोन्ही सारखं भरत नाही. याच जागी पट्ट्याच्या वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. हे अंतर ताणलेल्या पट्ट्याचं; विकत घ्यायचा पट्टा त्याहून आखूड हवा, का ते पुढे येतंय.

आता माझी चूक. मी शॉक पूर्ण उघडा ठेवून मोजलं, अंतर भरलं 18 इंच, आणि शहाणपणा करून 17 इंची पट्टे घेतले. एक इंच आखूड आहे, झालं काम, असं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर मागचा उजवा शॉक तेल गाळायला लागला. पट्टा मात्र धड होता. कारण पट्टा कापडाचा आहे आणि तो ताणतो. जोराचा झटका बसला की फुटामागे साधारण एक इंच धरून चाला. 17 इंची पट्टा जवळपास 18.4 इंच होतो, म्हणजे शॉक आधी आपटतो आणि पट्टा नुसता शोभेला. 16 इंची घेतला असता तर ताणून 17.3 झाला असता आणि शॉकला अर्ध्या इंचापेक्षा जास्त जागा उरली असती. आता मी 16 च वापरतो. एक क्लेव्हिस (लांबी जुळवता येणारा लोखंडी आकडा) जोडला तर थोडं कमी-जास्त करता येतं, आणि नवा पट्टा पहिल्या काही फेऱ्यांत कायमचाही जरा सैलावतो, तेव्हा ते उपयोगी पडतं.

जागेबद्दल. सलग अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना शॉकजवळ एकेक पट्टा हा सरळ मार्ग. काही जण डिफरन्शियलच्या वर मध्यभागी एकच लावतात. त्याने दोन्ही चाकं एकदम खाली पडत नाहीत, पण एक वर आणि एक खाली जाण्याची मोकळीक राहते. हळू चालणाऱ्या, दगडांवर चढणाऱ्या गाडीला ते बरं. पण एकच चाक खोल गेलं तर त्या बाजूचा शॉक उघडाच पडतो, म्हणून मी बाजूचे पट्टे सोडून नुसता मधला लावणार नाही. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असतं, तर पट्टा लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यावर) बॉल जॉइंटच्या, म्हणजे चाकाकडच्या टोकाच्या, जितका जवळ तितका चांगला. आर्मच्या मध्यावर लावला तर पट्टा एक इंच ताणला की चाक दोन इंच खाली जातं, आणि पट्ट्यावर जोरही दुप्पट येतो. पाटे असलेल्या गाडीत पाटे स्वतःच बरंच अडवतात, तिथे आधी मोजून बघा, बहुतेकदा गरज निघत नाही.

ब्रॅकेट दोन पाकळ्यांचं घ्या, पट्ट्याचं टोक मधोमध आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला. अर्धा इंची हाय-टेन्साइल बोल्ट, नायलॉक (आपोआप ढिला न होणारा) नट, आत स्लीव्ह (बोल्टभोवतीची नळी), म्हणजे नट आवळला तरी टोक मोकळं फिरतं. ते फिरलं नाही तर पट्टा टोकाजवळ वाकून वाकून तिथेच फाटतो. कडांना ग्राइंडर मारल्यावर बोट फिरवून बघा, बोटाला टोचलं तर पट्टाही कापेल. वेल्डिंग पट्टा लावण्यापूर्वी उरका आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवा. एक ठिणगी पडली तरी नायलॉन वितळतं, आणि ते डोळ्याला सहज दिसत नाही. पट्ट्याऐवजी साखळी किंवा वायररोप लावायचा मोह होईल, पण ते ताणतच नाहीत, सगळा झटका वेल्डवर जातो आणि ब्रॅकेट उपटून येतं.

नंतर अ‍ॅक्सल बंप स्टॉपपर्यंत वर उचला. सैल पट्ट्याची घडी कुठे जाते ते बघा. स्प्रिंगच्या वेढ्यात, टायरवर किंवा एक्झॉस्टवर जात असेल तर बाजू बदला किंवा मधोमध एक हलका रबर बांधून तिला बाहेर खेचून ठेवा. मी हे न तपासता निघालो असतो तर पहिल्याच दिवशी पट्टा एक्झॉस्टला चिकटला असता; जॅकवरच दिसलं म्हणून वाचलो.

शेवटची तपासणी सोपी आहे. स्प्रिंग परत बसवा, चॅसिस उचलून चाकं लोंबू द्या, पट्टे ताणले की एका शॉकचा खालचा बोल्ट काढा. गॅस भरलेला शॉक आपोआप आणखी खाली सरकेल, साधा असेल तर हाताने ओढा. सरकला नाही तर पट्टा अजून लांब आहे. दोन-चार फेऱ्यांनंतर हेच पुन्हा करा, आणि शिलाई उसवलीय का, कापडाला दोरे सुटलेत का, ऊन लागून रंग उडून ते कडक झालंय का, हे चिखल धुऊनच बघा. चिखलाखाली चिरलेला पट्टाही अगदी नव्यासारखा दिसतो.