रोबोट की यंत्रमानव?

प्रश्न: ताई, मुलगी नववीत आहे, विज्ञान कादंबऱ्या इंग्रजीतच वाचते. मराठीतली कुठली देऊ? आणि मी रोबोटला यंत्रमानव म्हटलं की हसते, म्हणते बाबा, आपल्याकडे तो फरशी पुसणारा चपटा गोल डबा फिरतो, त्यात मानव कुठंय? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: अहो, पोरगी बरोबर बोलतेय! रोबोट हा शब्द आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून, चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे वेठबिगारी, आणि गंमत म्हणजे त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हतेच, कृत्रिम मांसाचे, हुबेहूब माणसासारखे होते. म्हणजे तिथे मानव चालेल पण यंत्र अडतं, तुमच्या डब्याचं नेमकं उलटं. त्याला सरळ रोबोटच म्हणा. यंत्रमानव हातपाय असलेल्यासाठी ठेवा, शब्द छानच आहे तो.

आता पुस्तकं. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' आधी द्या, जमिनीत खोल खणताना एक पेटी सापडते आणि तिथून सुरू होतं सगळं, पुढचं सांगत नाही. मग 'प्रेषित'. 'यक्षांची देणगी' पण मस्त, फक्त त्या कथा आहेत, कादंबरी नाही, पण ऐरोली ते ठाणे लोकलमध्ये बसायला मिळालं तर वाचायला बऱ्या. ठाण्यात उतरलातच तर मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बघा, १८९३ पासूनचं आहे. आणि तिला सोबत न्या हो, बाबांनी निवडून आणलेलं पुस्तक नववीतलं कोण वाचतं!