टेक्सासमध्ये रिपब्लिकन उमेदवार रेलरोड कमिशनची निवडणूक कशी लढवतो?

नावावर जाऊ नका. 1891 साली रेल्वेसाठी स्थापन झालेल्या या कमिशनकडे आज रेल्वे नाही. तेल-वायूच्या विहिरी, पाइपलाइन आणि खाणी आहेत. सदस्य तीन, मुदत सहा वर्षे, मतदान राज्यभर.

अर्जासोबत 3,750 डॉलर भरायचे किंवा 5,000 मतदारांच्या सह्या द्यायच्या. 1994 नंतर तिथे राज्यभराच्या निवडणुकीत एकही डेमोक्रॅट जिंकलेला नाही, म्हणून खरी लढत मार्चमधल्या पक्षांतर्गत प्राथमिक फेरीत होते. निम्म्याहून जास्त मते कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत मे महिन्यात पुन्हा मतदान. निधीचा मोठा वाटा तेल-वायू व्यवसायातून येतो, म्हणजे ज्यांच्यावर देखरेख ठेवायची त्यांच्याकडूनच. पण पैसा म्हणजे विजय नव्हे: 2020 मध्ये विद्यमान सदस्य रायन सिटन यांच्याकडे कितीतरी जास्त निधी होता, तरी प्राथमिक फेरीत जिम राइट यांनी त्यांना हरवले. मतदाराला या पदाची माहितीच कमी, त्यामुळे असे होते.

प्रचारात हमखास होणारी चूक म्हणजे वीजबिल कमी करण्याचे आश्वासन. वीज पब्लिक युटिलिटी कमिशनकडे आहे आणि तिथले सदस्य गव्हर्नर नेमतो. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळानंतर वायुपुरवठा थंडीत चालू ठेवण्याचे नियम मात्र रेलरोड कमिशनकडे आले. उमेदवाराने बोलायचे तर त्यावर, आणि बेवारस विहिरी बुजवण्यावर.